मूठ कोणाची, पाते कोणाचे?

जुनी वस्तू दुरुस्त करणे आणि जुन्या वस्तूचे मोल ठरवणे ही दोन कामे पुष्कळदा एकाच दुकानात, एकाच माणसाच्या हातून होतात; त्यामुळे ती एकमेकांची सोबती असावीत असा आपला समज होतो. वास्तविक त्यांच्यात मुळातच वैर आहे. दुरुस्त करणाऱ्याला वस्तूवरचा काळ पुसायचा असतो. मोल ठरवणाऱ्याला तोच काळ वाचायचा असतो. एकाच्या हातातला काचकागद दुसऱ्याचा पुरावा खात असतो. हा झगडा आजचा नव्हे. जॉन रस्किनने १८४९ साली आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथात जुन्या इमारतींच्या पुनरुद्धाराला विध्वंसाचाच एक प्रकार ठरवले. पुढे १८७७ साली विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचे टोपणनावच 'खरवडविरोधी' असे पडले. जुन्या चर्चच्या भिंती खरवडून, शतकानुशतकांचे थर काढून त्यांना 'मूळ' रूप देण्याची जी लाट तेव्हा इंग्लंडात आली होती, तिच्याविरुद्ध हा रोष होता.

आपल्याकडची धारणा याच्या जवळजवळ उलट आहे. जीर्णोद्धार हा शब्दच पुण्यकर्माचा. ओडिशात नोकरीनिमित्त राहिलेल्या वाचकांना पुरीचे नवकलेवर माहीत असेल. अधिक आषाढ येणाऱ्या ठरावीक वर्षी, म्हणजे १९७७, १९९६ व २०१५ साली झाले त्याप्रमाणे, जगन्नाथाच्या काष्ठमूर्ती नव्याने घडवल्या जातात, जुन्या मूर्ती देवळाच्या आवारातच भूमीला दिल्या जातात, आणि जुन्यातील 'ब्रह्मपदार्थ' नव्यात ठेवणाऱ्या सेवकाच्या डोळ्यांवर त्या वेळी पट्टी बांधलेली असते. नवी मूर्ती ही जुनीची नक्कल आहे असे कोणाही भक्ताच्या मनात येत नाही. लाकूड बदलले, देव तोच.

मॉरिसचे म्हणणे त्याच्या भिंतींपुरते खरे आणि पुरीचे म्हणणे पुरीपुरते. पण जिच्या कर्त्यानेच 'हिचे भाग बदला' अशी सोय करून ठेवली आहे अशी एखादी वस्तू समोर आली, तर तिच्या बाबतीत मूळ कशाला म्हणायचे? आणि बदलले ते खोटे मानायचे की खरे? हा प्रश्न आम्हांला एका शिकारी चाकूने घातला. तो वाटतो तितका किरकोळ नाही, असे आम्हांला त्याच्या निमित्ताने चार महिने घालवल्यावर वाटते.

चाकू आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलांचा. वडील नागपूरकडचे. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या वनखात्यात ते रेंजर होते आणि त्यांची बहुतेक नोकरी मंडला जिल्ह्याच्या रानात गेली. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, विदर्भ मुंबई राज्यात आला, मंडला नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर वडीलही तिकडेच राहिले. अशी कुटुंबे आमच्या वाचकांत कमी नसतील. १९४७ साली मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याने जाताना तो चाकू त्यांना दिला, ही घरातली आठवण. स्नेही स्वतः निवृत्तीनंतर डेहराडूनला स्थायिक झाले आहेत. असल्या कामाची आम्हांला आवड आहे हे ठाऊक असल्याने त्यांनी चामड्याची ती डबी आमच्या हाती दिली. दोन गोष्टी हव्या होत्या: चाकू नीट करून द्यावा आणि त्याची किंमत काय होईल ते सांगावे. वडिलांच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंची तिघा भावंडांत वाटणी व्हायची होती आणि ती चोख व्हावी अशी त्यांची इच्छा होती.

डबी उघडल्यावर एक मूठ आणि तीन पाती. मूठ सुमारे साडेचार इंच लांब, दोन्ही अंगांना सांबराच्या शिंगाच्या खरबरीत पट्ट्या, टोकांना पितळ. मुठीच्या तोंडाशी एक आडवी खीळ आहे. पात्याच्या बुडाला असलेली खाच त्या खिळीवर बसवून पाते सरळ केले की पाठीकडची पोलादी पट्टी खटकन आपल्या जागी येते आणि पाते पक्के होते. पट्टी अंगठ्याने दाबली की ते सुटते, मिटते, काढून दुसरे बसवता येते. पहिले पाते रुंद, पोटाला फुगीर, कातडे सोलण्याचे. दुसरे करवतीचे, हाडासाठी. तिसरे सरळ, निमुळते, आणि पाहताक्षणी परके.

प्रथम सफाई. लोखंडावर दोन प्रकारचा काळ साचतो आणि त्या दोहोंतला भेद ज्याला कळत नाही त्याने जुन्या चाकूला हात लावू नये. एक तांबडा गंज: तो फुसफुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि धातूला आतून पोखरत जातो. दुसरा काळसर, निळसर करडा थर: फळांचा आंबटपणा, मांसाचा रस, हाताचा घाम आणि वर्षांमागून वर्षे फिरलेला तेलाचा बोळा यांनी मिळून बसवलेला. तो दाट असतो, घट्ट चिकटतो आणि तांबड्या गंजाला थोडाफार अडसर करतो. तांबडा काढायचा, काळा ठेवायचा. एवढी एक गोष्ट सांभाळली की निम्मे काम झाले. आम्ही पाती दोन दिवस घासलेटात बुडवून ठेवली, मग तेलात भिजवलेल्या अगदी मऊ तारकाथ्याने, दाब न देता, गंज तेवढा उचलला. खाली बारीक खड्डे निघाले. ते खड्डे घासून सपाट करता येतात. पण त्यासाठी आजूबाजूचे चांगले पोलादही तितकेच खाली न्यावे लागते, म्हणजे रोगाला साजेसे शरीर करायचे. ते आम्ही केले नाही.

पितळेची गोष्ट निराळी. चाकू चामड्याच्या डबीत ठेवणे दिसायला शोभिवंत, पण चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्यातले स्निग्ध पदार्थ पितळेला कळकवतात. मुठीच्या टोकांवर हिरवा मेणचट कळंक दाटला होता. तो लाकडी काडीने खरवडून काढला. आणि येथेच पहिला पेच आला. चाकूच्या हितासाठी डबी त्याच्यापासून दूर ठेवणे भाग. पण डबी हाच चाकूचा सर्वांत बोलका साक्षीदार. आतल्या चामड्यावर प्रत्येक पात्याचा ठसा उमटलेला होता. रुंद पात्याचा ठसा पात्यापेक्षा चांगला पाव इंच मोठा भरला, म्हणजे एवढे पोलाद रेंजरसाहेबांच्या निसण्यावर झिजून गेले. तिसऱ्या पात्याच्या कप्प्याचा आकार तर आकड्यासारखा वळलेला. तेथे मुळात पोट फाडण्याचे आकड्याचे पाते होते हे स्पष्ट दिसले. ते कधीतरी गेले आणि त्याच्या जागी हे सरळ पाते आले.

गावातला एक कसबी कारागीर, हात खरोखर सुंदर, हे सगळे पाहून म्हणाला, "साहेब, बफावर धरतो, आरशासारखी तिन्ही पाती करून देतो. तिसऱ्यावर तोच ठसा मारून देतो. कोणाच्या बापाला कळायचे नाही." यात दोन सूचना होत्या आणि दोन्ही नाकारण्याची कारणे निरनिराळी आहेत. बफाची गोष्ट तांत्रिक. वेगाने फिरणाऱ्या चाकावर पाते क्षणभर जास्त टेकले तर पातळ धार तापते. तीनशे अंश सेल्सिअसच्या सुमारास पोलादावर निळी झाक येते. ती आली की समजावे, पाणी उतरले. आपल्या भाषेने पोलादाच्या कठीणपणाला पाणी म्हटले आणि तोच शब्द माणसाच्या तेजालाही लावला, हे किती नेमके! पाणी उतरलेले पाते अधिक चमकते आणि कापत नाही. ठशाची गोष्ट मात्र नीतीची आहे. तिच्याकडे मोल ठरवण्याच्या वाटेने जावे लागेल.

दोन जुन्या पात्यांच्या बुडाशी झोलिंगेन आणि जर्मनी हे शब्द वाचता येतात. कारखान्याची खूण झिजली आहे. झोलिंगेन हे ऱ्हाइनलँडमधले गाव शतकानुशतके तलवारी-चाकूंचे. एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या कारागिरांची तक्रार होती की तिकडचा स्वस्त माल शेफील्डच्या नावाने खपवला जातो. १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने मालखुणांचा कायदा केला आणि अशा परक्या मालावर त्याच्या देशाचे नाव घालणे भाग पाडले. हेतू हा, की गिऱ्हाइकाने ते नाव वाचून नाक मुरडावे. झाले उलटेच. काही दशकांत 'जर्मनीत तयार झालेले' हे शब्द लाजेचे न राहता हमीचे झाले, आणि १९३८ साली खुद्द जर्मनीला झोलिंगेन हे नाव इतरांच्या हाती पडू नये म्हणून कायदा करावा लागला. ठसा म्हणजे गुण नव्हे, ठसा म्हणजे कबुली. पण कबुली सातत्याने खरी ठरली की तिलाच गुणाची किंमत येते. म्हणूनच खोटा ठसा हा एका गिऱ्हाइकाशी केलेला लबाडीचा व्यवहार उरत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खरे लिहिले त्या सर्वांच्या पेढीतून केलेली ती उचल असते.

ठशात 'पश्चिम' हा शब्द नाही. देश दुभंगलेल्या काळात तिकडच्या मालावर तो बहुधा असे. तेव्हा १९४७ ची आठवण ठशाशी विसंगत नाही, इतके म्हणता येते. मोल ठरवणाऱ्याची भाषा अशीच कंजूष असावी लागते. कारण कथा फुकट मिळतात. आम्ही चाकू ज्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला दाखवला त्याने पाचव्या मिनिटाला विचारले, "कॉर्बेटसाहेबांचा म्हणून लावू?" कुमाऊँ-गढवालच्या बाजूला जिम कॉर्बेटच्या नावावर जेवढे चाकू, खुर्च्या आणि कंदील आज आहेत, तेवढे त्या भल्या माणसाने १९४७ साली नैनिताल सोडताना मागे ठेवले असते तर त्याला राहायला जागा उरली नसती. मोह आम्हांलाही झाला नाही असे नाही. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले तिन्ही महानिरीक्षक, ब्रँडिस, श्लिख आणि रिबेनट्रॉप, जर्मन होते. ब्रँडिसची नेमणूक १८६४ ची. डेहराडूनचे वनविद्यालय १८७८ चे. जर्मन चाकू, जर्मन वनाधिकारी आणि डेहराडून: दोन वाक्यांत केवढी वंशावळ उभी राहते! तिला आधार मात्र एवढाच की तिन्ही शब्द एका ओळीत शोभतात.

आता ते परके तिसरे पाते. त्यावर ठसा नाही. हातोड्याच्या ठोक्यांच्या खुणा पाठीशी अजून आहेत. खाच कानशीने कोरलेली, किंचित तिरपी, पण खिळीवर बसते आणि पट्टी खटकन येते. स्नेह्यांच्या भगिनींना आठवते की आकड्याचे पाते मोडल्यावर वडिलांनी मंडल्याकडच्या एका लोहाराकडून ट्रकच्या कमानीच्या तुकड्यातून हे घडवून घेतले. मंडला म्हटले की जाणकारांना आगरिया आठवतील, मातीच्या भट्टीत खनिजापासून लोखंड काढणारी ती जमात, जिच्यावर व्हेरिअर एल्विनने १९४२ साली आख्खा ग्रंथ लिहिला. तेथेही एक कथा हात जोडून उभी होती. पण कमानीचे पोलाद गिरणीचे असते, भट्टीचे नव्हे. तेव्हा तिलाही रजा दिली.

व्यापाऱ्याच्या हिशेबी हे पाते म्हणजे खोट. 'दोन अस्सल, एक बदली', आणि किंमत तितकी कमी. पण तिन्ही पाती भिंगाखाली धरली तर धारेवरच्या खुणा निराळेच सांगतात. करवत जवळजवळ अस्पर्श आहे. रुंद पाते झिजलेले आहे, पण अलीकडचे घासणे त्यावर नाही. लोहाराच्या पात्यावर मात्र निसण्याच्या रेघांवर रेघा, जुन्यावर नव्या. याचा अर्थ, शेवटची कित्येक वर्षे त्या मुठीत राहिले ते हेच. मग या चाकूचे खरे पाते कोणते? कारखान्याने दिलेले, की हाताने निवडलेले?

बदललेल्या अवयवांचे कोडे तत्त्वज्ञांचे आवडते आहे. प्लुटार्कने थीसिअसच्या जहाजाचे सांगितले, ज्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या. फ्रेंचांत तर 'जानोचा चाकू' म्हणून म्हणच आहे: आधी पाते बदलले, मग मूठ बदलली, आणि जानोचा चाकू तोच. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा एकेक भाग दाखवून, यातला रथ कोणता, असे विचारले, तेही याच जातीचे. नागसेनाचे उत्तर यांत आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण रथ हे भागांच्या मेळाला दिलेले नाव आहे असे म्हणून तो मोकळा होतो. तरी या सर्व कोड्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: नवा भाग जुन्यासारखाच असतो आणि तो मुकाट्याने येऊन बसतो. आमच्या चाकूत तसे नाही. लोहाराच्या पात्याने आपण जर्मन असल्याचे कधीही भासवलेले नाही. ते उघडपणे परके आहे आणि उघडपणे जुळते. बदल आणि फसवणूक यांच्यातली रेषा येथे स्वच्छ दिसते. इटलीच्या चेझारे ब्रांदीने १९६३ साली पुनरुद्धाराचा जो सिद्धान्त मांडला त्यातही हाच आग्रह आहे, की भरलेली जागा दुरून एकजीव दिसावी पण जवळून पाहणाऱ्याला ओळखता आली पाहिजे. मंडल्याच्या लोहाराला ब्रांदी ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

वाचकांपैकी बहुतेकांना हे कोडे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. दर तीन वर्षांनी ते त्यांच्या घरी सामानाच्या पेट्यांसह येते. बदलीचा हुकूम निघतो, चार्ज दिला जातो, मूठ तिथेच राहते आणि पाते उचलले जाते. खुर्चीमागच्या लाकडी फलकावर पूर्वीच्यांची नावे आणि तारखा रंगवलेल्या असतात. काही अधिकारी असे असतात की आल्याआल्या आधीच्याच्या खुणा घासून काढतात, फाइलींवरचे शेरे नव्याने लिहवून घेतात, सारे आपल्यापासून सुरू झाले असे दिसावे म्हणून. काही दुसरे टोक गाठतात: आधीच्याचा ठसा आपल्या बुडावर मारून घेऊन निवृत्तीपर्यंत निभावतात. या दुसऱ्यांविषयी फारशी तक्रार होत नाही, कारण ते दिसत नाहीत. तिरपी खाच असलेला, पण जागेवर बसणारा आणि स्वतःच्या नावाने सही करणारा माणूस विरळा. सहकाऱ्यांत तो बहुधा 'बदली' म्हणूनच ओळखला जातो.

एक प्रश्न स्नेह्यांच्या नातीने विचारला आणि तो टाळता येण्यासारखा नव्हता. हे हत्यार जनावरे फाडण्याचे. ते लखलखीत करून कपाटात मांडणे म्हणजे त्या कृत्याचा गौरव नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. ज्या रानात हा चाकू वापरला गेला तेथील कान्ह्याचे बारशिंगे १९७० च्या सुमारास सत्तरीच्याही खाली आले होते. त्याला रोगराई, गुरांची चराई, कुरणांची हानी अशी अनेक कारणे होती, पण बंदूकही त्यांत होती, आणि बंदुकीमागून चाकू येतो. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तो या सगळ्यानंतर. मुठीचे शिंग कदाचित निष्पाप असेल, कारण सांबराची शिंगे झडतात, पुन्हा फुटतात आणि रानात वेचताही येतात. पात्याला तो बचाव नाही. पण म्हणूनच आम्ही म्हणतो की त्याला आरसा करू नये. झिलई दिलेला चाकू दिवाणखान्यातील शोभेची वस्तू होतो आणि शोभेच्या वस्तूला कोणी जाब विचारीत नाही. काळा पडलेला, झिजलेला, आकड्याचा रिकामा कप्पा बाळगणारा चाकू हा काय होता ते स्वतःच सांगतो. लपवल्याने पाप धुतले जात नाही आणि दाखवल्याने त्याचा गौरव होतोच असेही नाही. त्या मुलीचे समाधान झाले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तिने चाकू हातात घेतला नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

राहता राहिली किंमत. व्यापाऱ्याने आकडा सांगितला, आणि शिंगाच्या वस्तूचा व्यवहार वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येत असल्याने पावतीवर 'हाडाची मूठ' असे लिहू, असेही सुचवले. ज्यांनी आयुष्यभर कागदाखाली सही केली त्या स्नेह्यांना एवढे पुरे झाले. विक्रीचा विषय तेथेच मिटला. मग धाकट्या बंधूंनी बंगळुरूहून कळवले की तीन पाती आहेत, तीन भावंडे आहेत, एकेक घ्यावे. हिशेब बरोबर होता. नागपूरच्या भगिनींनी उलट टपाली एवढेच विचारले, "आणि दादा, मूठ कोणाची?" या प्रश्नाला उत्तर आले नाही. मुठीवाचून तिन्ही पाती म्हणजे लोखंडाचे तुकडे, आणि पात्यावाचून मूठ म्हणजे शिंग. अखेर तिघांच्या संमतीने चाकू सबंधच भगिनींकडे गेला, कारण लोहाराच्या पात्याची आठवण त्यांच्याकडेच होती.

देण्यापूर्वी आम्ही एक चिठ्ठी लिहून डबीत ठेवली. कोणता गंज काढला, कोणता ठेवला; पाठपट्टीची खीळ सैल होती ती किती घट्ट केली; मुठीला कोणते तेल दिले; तिसरे पाते मूळचे नाही, ते कोणी, कशातून आणि केव्हाच्या सुमारास घडवले असे घरचे लोक सांगतात; आकड्याचे पाते नाही. लोहाराच्या पात्याची धार आम्ही लावली नाही. रेंजरसाहेबांनी शेवटची जशी लावली होती तशीच ती आहे, थोडी बोथट. पाती तेलकट कागदात गुंडाळून डबीच्या बाहेर ठेवावीत आणि दर पावसाळ्यापूर्वी पुसून पुन्हा तेल द्यावे, हे चिठ्ठीच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिले आहे.